सुरुवातीच्या टायटल्सचं प्लॅनिंग: पावणेदोन मिनिटांत २४ नावं कशी बसवायची?

पाचट

नमस्कार मंडळी, एका मराठी फिल्मवर असोसिएट डिरेक्टर म्हणून काम करतोय, एडिट लॉक होत आलाय आणि आता सुरुवातीच्या टायटल्सवर गाडी अडलीय. सुरुवात अशी आहे की बीडकडचं एक गाव, पहाटेच्या आधीची वेळ, ऊसतोडीला निघालेलं एक कुटुंब ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरतंय. भांडी, पत्र्याची पेटी, ज्वारीची पोती, एक शेळी, गोधडीत गुंडाळलेलं पोर. म्हातारा कडेला बसून बिडी ओढतोय. संवाद नाहीत, फक्त ट्रॅक्टरचा आवाज आणि माणसांची लगबग, मग ट्रॉली गावाबाहेर पडते आणि कोल्हापूरकडं निघते. सगळं मिळून १ मिनिट ४५ सेकंद. दिग्दर्शकाला टायटल्स ह्याच्यावरच हवीत आणि मलाही तेच बरोबर वाटतं.

अडचण अशी की यादीत २४ कार्डं, म्हणजे पडद्यावर एकेक करून येणाऱ्या नावांच्या पाट्या, झालीत. दोन मुख्य कलाकार आहेत, दोघांनाही पहिलं नाव पाहिजे. सहनिर्माते पाच आहेत आणि प्रत्येकाला वेगळं कार्ड हवंय. एडिटर म्हणतो सगळं शेवटी टाका, सुरुवातीला नुसतं फिल्मचं नाव येऊ दे. टायटल करणारा मुलगा हुशार आहे पण आजवर इंग्रजीतच काम केलेला, त्यानं पाठवलेला नमुना बघितला तर मराठी अक्षरं कशी तरीच दिसतायत, नेमकं काय चुकतंय ते मला सांगता येत नाहीये. कुठलं नाव आधी, कुठलं नंतर, किती वेळ ठेवायचं, आणि कुणाला नाही म्हणायचं, ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर सांगा प्लीज.

कटिंग_टेबल

आधी हिशेब करा, चर्चा नंतर. नाव आणि त्यावरचं पद मिळून प्रेक्षकानं घाई न करता दोनदा वाचावं एवढा वेळ द्यायचा, म्हणजे साधारण साडेतीन सेकंद, सेकंदाला २४ फ्रेमनं ८४ फ्रेम. दोन कार्डांमध्ये सेकंदभर तरी मोकळं चित्र पाहिजे, नाहीतर माणूस नुसतं वाचत बसतो आणि ट्रॉलीत काय चाललंय ते त्याला दिसतच नाही. २४ कार्डं गुणिले साडेचार सेकंद म्हणजे १०८ सेकंद, तुमच्याकडे आहेत १०५, आणि फिल्मचं नाव अजून धरलेलंच नाही. मग सीन ताणायचा नाही, कार्डं कमी करायची. १८ वर या. तेवढ्यात ८१ सेकंद जातात, फिल्मच्या नावाला ६ सेकंद द्या, उरतात १८ सेकंद. त्यातले ८-९ सेकंद अगदी सुरुवातीला एकही अक्षर न टाकता जाऊ द्या, प्रेक्षकाला अंधारात नजर बसवायला आणि आपण कुठं आहोत हे कळायला तेवढे लागतातच. उरलेले शेवटी, दिग्दर्शकाचं कार्ड गेल्यावर.

त्या पहिल्या ८-९ सेकंदांबद्दल हट्ट धरा. कारण थिएटरमध्ये तुमचा पहिला शॉट येण्याआधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं, तंबाखूविरोधी ३० सेकंदांची जाहिरात येते, त्यापुढं २० सेकंदांचं डिस्क्लेमर येतं, पात्रं काल्पनिक असल्याची पाटी येते, बैल बिल असतील तर प्राण्यांची पाटी येते, वर मीडिया पार्टनरांचे लोगो. माणूस एवढं वाचून आधीच दमलेला असतो हो. म्हणून लोगो एका कार्डावर आणा, आभाराच्या लांबलचक याद्या शेवटी न्या, आणि चित्र सुरू झालं की त्याला थोडा वेळ नुसतं चित्र बघू द्या.

आता बिडी. हा मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. म्हातारा बिडी ओढतोय तोवर पडद्याच्या तळाशी तंबाखूचा इशारा ठेवावा लागतो, पांढऱ्यावर काळ्या अक्षरात, फिल्मच्या भाषेत. त्याच वेळी खाली डाव्या कोपऱ्यात तुमच्या छायाचित्रकाराचं नाव आलं तर एका फ्रेममध्ये दोन मजकूर भांडतात आणि डोळा पांढऱ्या पट्टीकडंच जातो. तो शॉट किती आहे ते मोजा आणि त्या शॉटवर एकही कार्ड ठेवू नका. किंवा बिडीचा शॉट काढता येतो का ते दिग्दर्शकाला विचारा, म्हातारा नुसता बसला तरी चालण्यासारखं असेल तर.

अजून दोन गोष्टी. कार्ड शक्यतो एकाच शॉटमध्ये यावं आणि त्याच शॉटमध्ये जावं, कटवरून ओलांडून जाऊ देऊ नका. कट पडला की डोळा नव्या फ्रेममध्ये माणूस शोधायला जातो, नाव वाचायचं राहतं. म्हणजे शॉटच्या लांब्या बघूनच कार्डं वाटावी लागतात, पाच सेकंदांच्या शॉटला एक, अकरा सेकंदांच्या शॉटला दोन, दोन सेकंदांच्या शॉटला काहीच नाही. आणि एका नटाचं नाव दुसऱ्या नटाच्या चेहऱ्याशेजारी येता कामा नये. नवीन चेहरे असतील तर लोक सरळ तेच नाव त्या माणसाचं समजतात, आणि मग पूर्ण सिनेमाभर तसंच समजत राहतात.

'शोले'ची सुरुवात परत एकदा नुसती टायटल्ससाठी बघा. स्टेशनवर उतरलेला जेलर आणि त्याला न्यायला आलेला रामलाल घोड्यांवरून निघतात, नावं येत राहतात, पंचमचं संगीत चालू असतं, आणि तेवढ्यात तो सगळा खडकाळ मुलूख, गाव, ठाकूरची हवेली किती लांब आहे, हे सगळं बघणाऱ्याला कळून जातं. गोष्टीतलं महत्त्वाचं काहीही त्या वेळात घडत नाही पण जागा मात्र पूर्ण समजते. तुमची ट्रॉली भरणं त्याच कामाचं आहे. तिथं काही घडवायला जाऊ नका, भांडण, रडणं असलं काही त्या पावणेदोन मिनिटांत असेल तर त्यावर नाव टाकू नका.

कॉलशीट_ताई

मी प्रॉडक्शन बघते, त्यामुळे माझा सल्ला कागदांपासून सुरू होतो. क्रम ठरवायला बसायच्या आधी प्रत्येकाचं अॅग्रीमेंट काढा आणि क्रेडिटचं कलम वाचा. कुणाला स्वतंत्र कार्ड लिहून दिलंय, कुणाला पोस्टरवर नाव लिहून दिलंय, कुणाचं नाव फिल्मच्या नावाआधी यायचंय, हे सगळं एका तक्त्यात उतरवा. तोंडी शब्द दिला असेल तोही लिहा आणि निर्मात्याला विचारून घ्या. अर्धे वाद इथेच मिटतात कारण बऱ्याचदा लोक मागतात ते त्यांच्या कागदावर नसतं, आणि एखाद्या गरीब माणसाच्या कागदावर असतं ते त्याला स्वतःलाच माहीत नसतं. त्याचं आधी द्या.

आपल्याकडचा साधारण क्रम असा चालतो. प्रस्तुतकर्ते, निर्मिती संस्था, मग मुख्य कलाकार, फिल्मचं नाव, बाकीचे कलाकार, मग वेशभूषा, रंगभूषा, कला दिग्दर्शन, ध्वनी, गीतं, संगीत आणि पार्श्वसंगीत, संकलन, छायाचित्रण, मग कथा-पटकथा-संवाद, सहनिर्माते, निर्माता, आणि सगळ्यात शेवटी दिग्दर्शक. फिल्म सुरू होण्याच्या जितकं जवळ येऊ तितका नावाचा मान वाढतो. मधल्या खात्यांचा क्रम थोडा इकडं तिकडं झाला तरी चालतं पण लेखकाला मध्येच कुठं तरी ढकलू नका, तो निर्माता-दिग्दर्शकांच्या लगतच पाहिजे. संवाद दुसऱ्या कुणी लिहिले असतील तर कथा कुणाची, पटकथा कुणाची, संवाद कुणाचे हे वेगवेगळं आणि स्पष्ट द्या. वाद व्हायची शक्यता दिसत असेल तर आत्ताच सोडवा, लेखकांच्या संघटनेत, म्हणजे मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये, श्रेयाच्या तक्रारी ऐकणारी समिती आहे आणि लोक रिलीजच्या तोंडावर तिथं जातात.

दोन मुख्य कलाकारांचं म्हणाल तर हा जगभरचा जुना प्रश्न आहे. 'द टॉवरिंग इन्फर्नो' नावाची १९७४ ची फिल्म आहे, त्यात स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन दोघंही तितकेच मोठे, दोघांनाही पहिलं नाव हवं होतं. मग एकाच कार्डावर दोन्ही नावं टाकली, मॅक्वीनचं डावीकडं पण खाली, न्यूमनचं उजवीकडं पण वर. डावीकडून वाचलं तर एक पहिला, वरून वाचलं तर दुसरा. तुम्ही हे तसंच करू शकता, देवनागरीपण डावीकडूनच वाचतो आपण. दुसरा मार्ग म्हणजे एकाला पहिलं कार्ड आणि दुसऱ्याला कलाकारांच्या शेवटी 'आणि' लावून स्वतंत्र कार्ड. ते शेवटचं 'आणि' आपल्याकडं फार मानाचं आहे, प्राण साहेबांचं नाव कितीतरी फिल्म्समध्ये असंच सगळ्यांच्या शेवटी येई आणि लोक त्याची वाट बघत. वयानं मोठा जो कलाकार असेल त्याला हे समजावून सांगा, बहुतेक वेळा मान्य होतं.

पाच सहनिर्माते एका कार्डावर. ह्यात माघार नको. नावं आडनावाच्या किंवा नावाच्या वर्णक्रमानं लावा आणि तसं लेखी कळवून टाका, म्हणजे कोण वर कोण खाली हा प्रश्नच उरत नाही. एकाला वेगळं कार्ड दिलं की उरलेल्या चौघांना द्यावं लागतं आणि तिथंच तुमची १८ कार्डं परत २२ होतात.

ज्यांची नावं सुरुवातीला बसत नाहीत ती शेवटी यायलाच पाहिजेत, एकही गाळू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलाकाराला आपली ओळख दिली जाण्याचा हक्क मिळालाय. गर्दीतल्या, जाता येता दिसणाऱ्या माणसांना, ज्यांचं नाव इंडस्ट्रीत एरवी दिलं जात नाही, त्यांना त्यातून वगळलंय हे खरं. पण तुमच्या फिल्ममध्ये ऊसतोड करणारी खरी माणसं असतील तर कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेवा आणि त्यांची नावं द्या. टोळीच्या मुकादमाकडून यादी घ्या, पूर्ण नावं, गावासकट. त्या माणसांनी आयुष्यात कधी पडद्यावर स्वतःचं नाव पाहिलेलं नसतं.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. यादी सेन्सॉर कॉपीच्या आधी पक्की करा. सर्टिफिकेट मिळाल्यावर फिल्ममध्ये काहीही वाढवलं किंवा काढलं तर ते बोर्डाला कळवावं लागतं, कार्ड बदलणंही त्यात आलं. आठवड्यावर रिलीज आणि एका कार्डासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा डीसीपी (थिएटरला जाणारी डिजिटल कॉपी), हा ताप कुणालाच नको.

रात्रपाळी

एडिटरचं म्हणणंही ऐका की. हल्ली कितीतरी चांगल्या फिल्म्स सरळ सुरू होतात, नाव येतं आणि संपलं. सगळी श्रेयं शेवटी दिली तर गोष्ट पहिल्या सेकंदाला पकड घेते. मोबाइलवर बघणारा माणूस पहिल्या दोन मिनिटांत ठरवतो पुढं बघायचं की नाही. १९७७ ला 'स्टार वॉर्स' तशीच सुरू झाली ना, आणि पुढच्या भागाला १९८० मध्ये दिग्दर्शकाचं नाव सुरुवातीला नाही म्हणून तिकडच्या दिग्दर्शकांच्या संघटनेनं, गिल्डनं, दंड लावला तर जॉर्ज ल्यूकसनं दंड भरला आणि गिल्डच सोडून दिली, पण सुरुवात बदलली नाही.

कटिंग_टेबल

@रात्रपाळी मुद्दा खरा आहे आणि फिल्मची सुरुवातच वेगवान असती तर मीही तेच म्हणालो असतो. पण इथं दिग्दर्शकानं मुद्दाम संथ, शब्द नसलेली सुरुवात केलीय, तिच्यात नावांना जागा आहे. आणि आपल्या थिएटरांत शेवटी काय होतं ते तुम्हीही बघितलंय. शेवटचा शॉट काळा झाला की दिवे लागतात, दारं उघडतात, पुढच्या शोसाठी झाडू मारणारी माणसं आत येतात, काही ठिकाणी तर रोलिंग टायटल्स अर्ध्यातच बंद. घरी बघताना शेवटची नावं आली की चौकट लहान होऊन कोपऱ्यात जाते आणि पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात सुरू. रंगभूषाकाराच्या आईनं मुलाचं नाव बघायचं तर ते सुरुवातीलाच आलेलं बरं, तेव्हा सगळे जागेवर असतात आणि दिवे बंद असतात. खात्यांच्या प्रमुखांना तरी सुरुवातीला जागा द्याच.

शिरोरेषा

मी अक्षरांचं काम करते, त्यामुळे टायटल करणाऱ्या मुलाच्या नमुन्याबद्दल बोलते. फोटो नसतानाही सांगू शकते काय झालं असेल. इंग्रजी टायटल्समध्ये अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडायची पद्धत आहे, त्यानं भारदस्त दिसतं. तेच ट्रॅकिंग मराठीला लावलं की शिरोरेषा तुटते, प्रत्येक अक्षर सुटं सुटं उभं राहतं आणि नाव वाचताना दात पडल्यासारखं होतं. ट्रॅकिंग शून्यावर आणायला सांगा. हवेशीर दिसायला हवं असेल तर अक्षरांत नाही, नावाच्या भोवती जागा सोडा, आणि पद आणि नाव ह्यांच्या मध्ये. पद लहान आणि हलक्या वजनात, म्हणजे कमी जाडीच्या अक्षरात, नाव मोठं.

दुसरं, आफ्टर इफेक्ट्समध्ये किंवा प्रीमियरमध्ये सेटिंग्जमधलं टेक्स्ट इंजिन साऊथ एशियनवालं निवडलंय का ते बघा. नसेल तर जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाऊन बसते, 'दिग्दर्शक' मधला रफार भलतीकडं. इंग्रजीत काम करणाऱ्याला ते चुकलंय हे दिसतच नाही. तरीही घोळ होत असेल तर नावं इलस्ट्रेटरमध्ये टाइप करून, नीट तपासून, आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, आणा.

तिसरं म्हणजे ल आणि श. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श आधी येतात. आपल्या वर्णमालेत ल पाकळीचा आणि श देठाचा, शाळेच्या पुस्तकात आपण तसाच शिकलो. बीडच्या गोष्टीवर हिंदी वळणाचा ल बघितला की मला तरी लगेच खटकतं. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आत असतात, ग्लिफ्सच्या पॅनलमधून मराठी वळण निवडायचं. मुंबईच्या 'एक टाइप' ह्या संस्थेचा 'मुक्ता' फॉन्ट फुकट वापरता येतो, त्याची भरपूर वजनं आहेत, साधा आणि स्वच्छ आहे, तुमच्या फिल्मला चालेल. त्यांचाच 'बलू' फॉन्ट मला इथं नको वाटतो, तो गोलमटोल आणि खेळकर आहे. फार बारीक वजनही घेऊ नका, पहाटेच्या अंधाऱ्या शॉटवर बारीक रेघा थिएटरच्या पडद्यावर गायब होतात, विशेषतः मात्रा आणि उकार. मॉनिटरवर छान दिसलं म्हणून फसू नका, एकदा मोठ्या पडद्यावर टेस्ट डीसीपी लावून मागच्या रांगेतून वाचा.

आणि दोन ओळींची कार्डं असतील तर ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. पाच सहनिर्मात्यांच्या कार्डावर हे नक्की होणार.

नावांचं शुद्धलेखन प्रत्येकाकडून स्वतःच्या हातानं लिहून घ्या, कागदावर, आणि खाली सही. व्हॉट्सअॅपवर इंग्रजीत आलेल्या नावावरून मराठी करू नका. शिर्के की शिरके, आईचं नाव मधे लावतात की वडिलांचं, डॉ. लावायचं की नाही, हे त्यांनाच माहीत. आडनावाची वेलांटी चुकली तर माणसाला आयुष्यभर लागून राहतं.

पाचट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दिग्दर्शकाला आत्ताच हे वाचून दाखवलं. बिडीच्या शॉटवर कार्ड नाही हे ठरलं, शॉट मात्र तो ठेवणार म्हणतोय कारण पुढं त्या बिडीचा संबंध येतो. सहनिर्माते एका कार्डावर, वर्णक्रमानं. दोन कलाकारांपैकी जे वयानं मोठे आहेत त्यांना कॉलशीटताईंनी सांगितलेला 'आणि'चा पर्याय फोनवर विचारला, ते लगेच हो म्हणाले. टोळीतल्या माणसांची नावं शेवटी देतोय, बावीस जण आहेत, गावासकट.

एकच राहिलं. शेवटच्या रोलिंग टायटल्स थरथरतायत, वाचताना डोळे दुखतात. वेग कमी केला तरी तसंच. फिल्म स्कोपमध्ये, म्हणजे रुंद पडद्याच्या आकारात, आहे. आणि एक फेस्टिव्हलवाले टेक्स्टलेस मागतायत, ते काय द्यायचं?

कटिंग_टेबल

थरथर वेगामुळं नाही, अपूर्णांकामुळं आहे. दर फ्रेमला मजकूर पूर्ण पिक्सेलनं सरकला पाहिजे, २ किंवा ३, अडीच नाही. तुम्ही एकूण वेळ ठरवून सुरुवातीची आणि शेवटची जागा सांगणाऱ्या दोन किफ्रेम लावल्या असणार, त्यातून अपूर्णांक येतो. उलटं करा. २के स्कोपची उंची ८५८ पिक्सेल, दर फ्रेमला ३ पिक्सेल म्हणजे एक ओळ खालून वर जायला २८६ फ्रेम, जवळपास १२ सेकंद. हा वेग वाचायला सोयीचा आहे. मग यादी जेवढी लांब तेवढा वेळ, आणि शेवटचं गाणं त्या वेळेला बसवा.

टेक्स्टलेस म्हणजे तोच पावणेदोन मिनिटांचा भाग, तोच ग्रेड (रंगांची दुरुस्ती), पण एकही अक्षर नसलेला. परदेशात ते त्यांच्या भाषेत नावं टाकतात. डीआयवाल्याला, म्हणजे रंगांचं काम करणाऱ्याला, आजच सांगून ठेवा की टायटल्स वेगळ्या लेयरवर राहू दे आणि खालचं स्वच्छ चित्र वेगळं रेंडर करून दे. प्रोजेक्ट बंद झाल्यावर मागितलं तर पुन्हा पैसे लागतील. आणि इंग्रजी सबटायटल्स खाली मध्यभागी येतात, म्हाताऱ्याच्या तोंडी एखादं वाक्य ठेवणार असाल तर तेवढ्या पट्ट्यात कार्ड नको.

शिरोरेषा

बावीस जणांची यादी गावांसकट देताय तर गावांचीही नावं तिथल्याच कुणाकडून तपासून घ्या, नकाशावरच्या इंग्रजी स्पेलिंगवरून नको. आणि दोन स्तंभ करा, नाव शिरोरेषेला धरून डावीकडं, गाव उजवीकडं, थोडं हलक्या वजनात. मुलाला माझ्याशी बोलायचं असेल तर इथंच मेसेज करू दे, एक कार्ड करून दाखवते.